नावेचं इंजिन: खोलावं की बदलावं?

श्रावण शुद्ध प्रतिपदा, १९७६

मडिवाळप्पा अण्णांना गुरुसिद्धप्पाचा भीमाकाठावरून शरणु शरणार्थ. इथं सगळे ठीक आहोत, निदान तुमची बहीण दाक्षायणी तसं म्हणते. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात ‘बरा आहे’ एवढंच लिहिलंत, त्यावरून तो बरा नसावा. शुक्रवार पेठेतल्या डॉक्टरांचं औषध घेत असाल, तर बाटलीचं बूच आधीच कुणी काढलेलं नाही ना, ते बघत जा.

वि. वि. असं, की आमच्या नावेचं इंजिन म्हातारं झालं. (नावेच्या मागच्या फळीला अडकवायचं, खाली पाण्यात पंखा असलेलं ते.) महिनाभर ते काठावरून ऐटीत निघतं आणि ऐन धारेत गप्प बसतं. नावेतली माणसं आधी देवाचं नाव घेतात, मग माझं. मी लगेच टाकीचं झाकण उघडून पेट्रोल कुणी चोरलं का ते पाहतो. पेट्रोल असतं. झाकण लावलं की इंजिन मुकाट्यानं चालू! म्हणजे आपल्यावर कुणाचं लक्ष आहे हे त्याला कळतं; दुसरा काय अर्थ काढायचा? इकडे मायाप्पानं गूळ करायची जुनी काहील पाण्यात सोडलीय. तिच्यातून तो वल्ही मारत माणसं नेतो आणि माझ्याकडं बघून हसतो. (दात चांगले नाहीत, तरी हसतो.) आता गावानं ठरवलंय, पंचमीला माहेरी येणाऱ्या लेकी जो सुखरूप उतरवेल, त्यालाच यंदा सुगीत उतराईचं धान्य. पंचमीला माझी नाव अडकली, की वर्षाची ज्वारी गेली मायाप्पाच्या कणगीत. भीती वाटते अण्णा, खोटं कशाला बोलू?

म्हणून इंजिन एस.टी.च्या टपावर घालून सोलापूरला आणलं होतं. (तुमच्याकडं आलो नाही, राग मानू नका, इंजिन सोडून हलणं बरं वाटेना.) तुमच्या ओळखीचा बसप्पा मिस्त्री म्हणाला, रिंगा गेल्यात, सगळं खोलून नव्यासारखं करू. शेजारचा दुकानदार म्हणाला, हे भंगारात द्या, नवं घ्या. खोलणाऱ्याचा डोळा आतल्या चांगल्या भागांवर, विकणाऱ्याचा माझ्या खिशावर. त्यात दोघांनी माझ्यासमोर एकाच बशीतला चहा प्याला. एवढी मैत्री फुकटची नसते. इंजिन तसंच परत आणलं.

काल दिव्यांची अवस. दाक्षायणीनं समया, निरांजनं चिंचेनं घासली आणि त्यांच्याबरोबर टाकीचं पितळी झाकणही घासून टाकलं. मी ओरडलोच. दर खंडेनवमीला मी त्या झाकणावर विभूतीचे पट्टे ओढतो, वर कुंकू लावतो. पूजेचं पुसायचं नसतं, म्हणून वर्षानुवर्षांचा थर तसाच होता. ती म्हणाली, “अवो, ह्याला वारं जायाचं भोक हाय की! तुमच्या इभूतीनं बुजलंय. वारं न्हाय तर पेट्रोल खाली उतरंल कसं?” मग नाव काढली. पलीकडं गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. एकदाही अडकली नाही. आनंदानं डोळ्यांत पाणी आलं, पण लगेच विचार आला: नुसत्या चिंचेनं इंजिनं सुधारतात, तर सोलापुरात मिस्त्री पोट कशावर भरतात? आणि ते भोक मूळचं, की बसप्पानं पाडलेलं?

तेव्हा खोलावं की बदलावं, तुमचं मत कळवा. वहिनींना नमस्कार.

आपला,
गुरुसिद्धप्पा

ता. क. इंजिन एवढं चांगलं का चालतंय ते बघायला, पत्र लिहून झाल्यावर मी ते जरासं खोललं. परत जोडलं तेव्हा परातीत मूठभर भाग उरले. बसप्पानं जास्तीचे घातले असणार. आता ते चालतच नाही. पंचमी तोंडावर आलीय, तरी बसप्पाला पहिल्या गाडीनं पाठवा. मी बोलावलंय असं सांगू नका. तुम्हालाच काळजी वाटली म्हणून पाठवताय, असं दाखवा.

पुन्हा ता. क. पत्र दाक्षायणीच्या हाती देतोय. ती पंचमीला तुमच्याकडं निघालीय, मायाप्पाच्या काहिलीतून. सोलापूरची गाडी पलीकडच्या काठाला थांबते, त्यामुळं बसप्पालाही त्याच काहिलीतून यावं लागेल. मायाप्पाला मी स्वतः हात जोडून सांगितलं. तो म्हणाला, “आनतो की. आन् त्येला जमलं न्हाय तर तुमचं इंजिन बी पलीकडं न्हेतो. काहिलीत जागा लई हाय.”