तळ्याकाठचे नऊ जण

११ एप्रिल
केळझरला पोचले! वर्ध्याहून एसटीत खिडकीची जागा मिळाली, हे पहिलं सुख. दुसरं म्हणजे हे दोन खोल्यांचं चिमुकलं संग्रहालय आणि त्यात मला मिळालेली भरपूर उजेडाची खोली. पुण्यात जुनी चित्रं दुरुस्त करताना ट्यूबलाइटखाली डोळे शिणायचे. संग्रहालयाचे अध्यक्ष नानाजी स्वतः उभं राहून कूलर लावून घेत होते. झाडलोट करणाऱ्या भागीरथाबाई उईके यांनी भाकर आणि वांग्याची भाजी आणली. तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर पदर तोंडाला लावून किती हसल्या!

१२ एप्रिल
ज्याच्यासाठी आले ते चित्र पाहिलं. कापडावरचं, सहा हात लांब. १८१८ साली फौजेबरोबर फिरणाऱ्या कुणा चिताऱ्यानं काढलेलं. तोफेच्या चाकाचे आरे, घोड्याच्या तोंडचा फेस, एका शिपायाच्या पायाला बांधलेली चिंधी. समोर बसून पाहिल्याशिवाय हे कुणाला जमणार नाही. खाली लिहिलंय, ‘बंडखोरांशी लढाई’. या लढाईचा दुसरा एकही कागद नाही. पुढचा घोडेस्वार नानाजींचा पूर्वज, म्हणून १ मे रोजी चित्राचं प्रदर्शन आहे. गंमत म्हणजे लढाईत शत्रूच दिसत नाही. तळ्याच्या काठाला नुसती तपकिरी जमीन.

१६ एप्रिल
तो तपकिरी रंग नंतर कुणीतरी फासलेला आहे. कापसाच्या बोळ्यानं हळूहळू सुटतो. आज त्याखालून एक पाऊल निघालं. अनवाणी, जोडवी घातलेलं.

१९ एप्रिल
नऊ जण आहेत. बाया, एक म्हातारा, दोन लहान मुलं. सगळ्यांचे हात मागे बांधलेले. कुणाजवळ साधी काठी नाही. ही लढाई नव्हती. चिताऱ्यानं प्रत्येकाचा चेहरा वेगळा काढलाय, ओळख पटावी असा.
भागीरथाबाई फडकं घेऊन आत आल्या आणि खालीच बसल्या. म्हणाल्या, “हे आमचे लोकं हायेत, मॅडम. तळ्यावर पाण्याले गेलते. वापस आलेच नाई.” त्यांच्या घरी दरवर्षी या नऊ जणांची नावं घेतात. एकेका चेहऱ्याकडे बघत त्यांनी ती सांगितली, मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली.

२२ एप्रिल
नानाजींनी पाहिलं. मग म्हणाले, “दोनशे वर्षं झाकून होतं, कोणाचं काही बिघडलं काय? झाकून टाक, पोरी.” पुढे म्हणाले, झाकलंस तर इथली कायमची नोकरी तुझीच. मी हो म्हटलं. लाज वाटते लिहायला, फार विचारही केला नाही.

२४ एप्रिल
सकाळी तीन चेहरे रंगवून झाकले. दुपारी भागीरथाबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. तीन नावं आठवेनात. “तोंडावर येऊन राह्यले, अन् सरकून जाते.” मी शेवटचं पान उघडलं. सहाच नावं. मध्ये तीन ओळी कोऱ्या. पेनाचा वळसुद्धा नाही.

२५ एप्रिल
योगायोग असेल म्हणून आणखी तीन झाकले. खात्री करायला. देवा, नुसती खात्री करायला! आता तीनच नावं उरलीत. मी ब्रश टाकून दिला. नानाजींनी तो उचलला आणि उरलेले तिघे स्वतः झाकले.

२६ एप्रिल
भागीरथाबाई आल्या नाहीत. नानाजींना विचारलं. कोण भागीरथा, म्हणाले. झाडायला इथं कधी कुणी ठेवलंच नव्हतं. बोट दाखवलं — फरशीवर बोटभर धूळ. माझ्या टेबलावर त्यांचा डबा आहे. भाकर अजून कोमट.

२७ एप्रिल
११ तारखेच्या पानावर त्यांचं नाव फिकट होत चाललंय. पुन्हा गिरवलं. पुन्हा. मग चित्र पुसायला घेतलं. रंग सुटत नाही आता — कापूस कोराच निघतो. तरी घासत राहिले, भर दुपारी एक चेहरा निघाला. नऊ जणांतला नाही. हनुवटीवर गोंदण, नायलॉनची साडी. हात मागे बांधलेले.
भागीरथाबाई.
मी केलं हे. मीच —

२८ एप्रिल
कापूस संपला. ओढणीनं पुसतेय. एका हातानं पुसते, एका हातानं लिहिते —
म्हातारा निघाला. पोरं निघाली. तोंडं मिटलेली होती यांची — आता उघडी आहेत.
आवाज. रडणं नाही. बोलताहेत. आपापलं नाव सांगताहेत — भागीरथाबाईही —

नानाजी दारात. पांढरेफटक. “आत किती जणं बोलून राह्यले?” म्हणजे त्यांनाही ऐकू येतंय! मी ओरडले, लिहून घ्या, तुम्हीही लिहा —
त्यांनी कान झाकले.
मी लिहिते. सुकरी. कोलू. मैनी —
नानाजींनी रंगाचा डबा उचलला. इकडे येताहेत —
चैतू. बुधी. भागी