बांध चिंधी, दाब बटण

आप्पा, गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला होता. ती मराठीतल्या बँडच्या गाण्यांवर काहीतरी लिहिते आहे. रॅप आणि मेटल एकत्र करून गाजलेलं मराठी गाणं म्हटलं की सगळे आमच्याच गाण्याचं नाव घेतात, असं म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तिनं विचारलं की ती चिंधीची ओळ सुचली कशी. मी म्हटलं, अशीच सुचली. फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न एकानं विचारला होता, तेव्हा हेच उत्तर दिलं असतं तर तुमचे शेवटचे दिवस वेगळे गेले असते.

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी दहावीत आहे. आई भाजी आणायला पवननगरला गेली आहे. तुम्ही पाटावर बसला आहात, डाव्या हाताला बँडेज, आणि त्यात दोन बोटं नाहीत हे बँडेजवरूनही कळतं. अंबडच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम करताना अपघात झाला, प्रेस आपोआप पडली, एवढंच मला आणि आईला माहीत. मी विचारलं नव्हतं. तुम्हीच दोन वाट्या ओढून घेतल्या आणि फरशीवर पालथ्या घातल्या. "ही डावं बटण, ही उजवं. दोन्ही एकदम दाबल्याबिगर प्रेस पडत नाय. म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाय." मग हात पुसायचं फडकं घेऊन उजव्या हातानं आणि दातांनी ते डाव्या वाटीवर गुंडाळायचा प्रयत्न केलात. जमलं नाही तेव्हा मी गाठ मारून दिली. "अशी चिंधी बांधायची. बटण दाबलेलंच राहतं. मग एका हातानं पत्रा सरकवायचा, एका हातानं उजवं बटण. काम लय पळतं." सगळेच बांधायचे, तुम्ही म्हणालात. सुपरवायझरला माहीत होतं. तपासणी असली की तोच सांगायचा, आज चिंध्या सोडा. तुमची बोटं गेली तेव्हा त्यानं आधी चिंधी सोडवून खिशात घातली आणि मग गाडी बोलवायला ओरडला. कागदावर लिहिलं गेलं की प्रेस आपोआप पडली, आणि तुम्ही खाली सही केली, कारण चिंधीचं नाव निघालं असतं तर नोकरी गेली असती. सही केल्यामुळे तुम्हाला स्टोअरमध्ये बसायचं हलकं काम मिळालं. "तुझ्या आईलाबी सांगितलं नाय," तुम्ही म्हणालात. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

कॉलेजात गेल्यावर आम्ही चौघांनी बँड काढला. द्राक्षाचे रिकामे क्रेट ठेवायची एक पत्र्याची शेड मित्राच्या वडिलांनी वापरायला दिली होती, तिथे दर रविवारी सकाळपासून वाजवायचो. मला गाता येत नव्हतं, पण भरभर बोलता यायचं. म्हणून मी बोलायचो आणि मागे गिटार, ड्रम फाडायचे. दोन वर्षं आम्ही इंग्रजीत बोंबललो. आमचं इंग्रजी ऐकून गॅदरिंगला पोरं हसायची. एका रविवारी तुम्ही शेडवर आलात ते तुमच्या मित्राला घेऊन. तुमच्याच प्रेस शॉपमधला, मूळचा येवल्याकडचा, वेल्डिंगचाही चांगला हात. त्यानं आमच्यासाठी पाइप जोडून माइकचा स्टँड बनवला होता. इतका जड की उचलायला दोघं लागायचे, पण ढकलला तरी पडायचा नाही. आम्ही तुम्हाला एक नवीन चाल ऐकवली, तिला अजून शब्द नव्हते. तुम्ही पूर्ण ऐकलीत आणि विचारलंत, हे भांडण हाय का गाणं. सगळे हसले. मग ड्रमवाल्याला तुम्ही म्हणालात, "हे प्रेससारखं वाजवायचंय ना तुला? प्रेस अशी सारखी ठोकत नाय. आधी दम घेते, मग पडते." तुमच्या मित्रानं मान हलवली आणि क्रेटवर हात आपटून दाखवलं. ड्रमवाल्यानं त्या दमाच्या जागी थांबून पाहिलं. आमचं गाणं त्या क्षणी झालं. पुढे लोकांनी त्या थांबण्याबद्दल खूप लिहिलं, बोललं. ते तुमचं आणि तुमच्या मित्राचं होतं हे मी कुठेच सांगितलं नाही.

आता शब्द हवे होते. पहिल्यांदाच मराठीत लिहायला बसलो आणि एका दुपारात लिहून झालं. तो दम संपला की चौघांनी मिळून ओरडायचं: बांध चिंधी, दाब बटण. बांध चिंधी, दाब बटण. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांनी ते आम्हाला तीनदा वाजवायला लावलं. मग मुंबईच्या एका स्पर्धेत पहिले आलो, कॅसेट निघाली, टीव्हीवर दिसलो. मराठीत असं काही असू शकतं हे कुणाला माहीतच नव्हतं. कॉलेज रोडच्या दुकानांत लागायचं, रिक्षांत लागायचं, गणपतीच्या मिरवणुकीत लागलं. ज्यांनी आयुष्यात प्रेस पाहिली नव्हती अशी मुलंमुली उड्या मारत ओरडायची, दाब बटण. तुमच्या कॅन्टीनमध्येही लागतं असं आई म्हणाली. तुम्ही त्याबद्दल काहीच बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. मला वाटलं तुम्हाला शब्द ऐकू येत नसतील, एवढ्या आवाजात.

याच काळात तुमच्या मित्राचा उजवा हात मनगटापासून गेला. त्यानं चिंधी बांधली नव्हती. प्रेस एकदा बटण दाबल्यावर पडली, आणि पत्र्याचा तुकडा काढायला त्यानं हात घातला तेव्हा दुसऱ्यांदा आपणहून पडली. मालकाची बाजू म्हणत होती की यानं चिंधी बांधली असणार. त्यानं केस घातली. साक्ष द्यायला कुणी तयार होईना, प्रत्येकाला आपली नोकरी. तुम्ही तयार झालात. तुमच्या कागदावर लिहिलेलंच होतं की प्रेस आपोआप पडते. म्हणजे त्याचं खरं तुमच्या खोट्यावर उभं होतं. हे तुम्हाला टोचत असणार, पण दुसरा आधार त्याला नव्हता.

मला केस माहीत होती. घरात रोज बोलणं व्हायचं. तरी एका चहाच्या टपरीवर पेपरच्या बातमीदारानं विचारलं, हे तुला सुचलं कसं, तेव्हा मी म्हटलं, "सुचलं नाही, घडलंय. माझ्या वडिलांनी स्वतः चिंधी बांधली होती. त्यांची दोन बोटं गेली." तो लिहून घेताना माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर मला फार आवडली. रविवारी ते छापून आलं, माझ्या फोटोसकट.

त्या सकाळी आईनं पेपर वाचला आणि तुमच्यासमोर धरला. खरं आहे का हे, एवढंच विचारलं. तुम्ही मान हलवलीत. ती आत गेली आणि भाकरी थापायला लागली. तव्यावरची करपली तरी तिनं ती उलटली नाही. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात, पुन्हा पहिल्यापासून वाचलंत. मी दारात उभा होतो. तुम्ही आवाज चढवला असतात तर मी भांडलो असतो, माझी उत्तरं तयार होती, की हे कामगारांच्याच बाजूचं गाणं आहे, की लोकांना कळायला हवं. तुम्ही म्हणालात, "मी तुला सांगितलं होतं. पेपरला नाय." आणि पेपर घडी करून माझ्या हातात दिलात.

साक्षीच्या दोन दिवस आधी तुम्ही मला विचारलंत, सोमवारी कोर्टात येशील का. म्हणालात, "बोलायचं काय नाय. नुसता बस तिथं." तुम्ही माझ्याकडे आयुष्यात काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी म्हटलं, सोमवारी पुण्याला रेकॉर्डिंग आहे. तुम्ही म्हणालात, बरं.

कोर्टात काय झालं ते मला पुढे तुमच्या मित्रानं सांगितलं. समोरच्या वकिलानं तो पेपर काढला. फोटोतला मुलगा तुमचाच ना, विचारलं. तुम्ही हो म्हणालात. यात लिहिलंय ते खरं का? पोरानं गाण्यासाठी रचलं असं तुम्ही म्हणू शकला असता. मित्राचा वकील नजरेनं तेच सांगत होता. तुम्ही डावा हात कठड्यावर ठेवलात. मग म्हणालात, "खरं हाय. माझ्या बटणाला चिंधी होती. याच्या नव्हती." पण जो आपल्या सहीच्या कागदात खोटं बोलला त्याच्या दुसऱ्या वाक्याला वजन राहिलं नाही. केस गेली. तुमचा मित्र बायकोमुलांना घेऊन येवल्याकडे परत गेला. तुम्ही स्टोअरची नोकरी सोडलीत. कुणी काढलं नव्हतं, पण तुम्ही गेटवरून आत जाताना पोरं मागून गाणं म्हणायची, हे आईला शेजारणीनं सांगितलं.

त्यानंतर तुम्ही घरात असायचात. माझ्याशी नीट बोलायचात, जेवलास का विचारायचात, आणि त्यामुळेच मी घरी येणं कमी केलं. आमचं दुसरं गाणं चाललं नाही, तिसरंही नाही. बँड मोडला, मी पुण्याला नोकरी धरली. चार वर्षांनी एका सकाळी दाढी करता करता तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. मी पुण्याहून पोहोचलो तेव्हा तुमच्या एका गालाला साबण तसाच वाळला होता. आईनं तो कुणाला पुसू दिला नव्हता, मी आल्यावर मला पुसायला सांगितला.

दहाव्याला गोदावरीवर तुमचा मित्र आला होता. डाव्या हातानं पाणी सोडलं. नंतर आम्ही पायरीवर बसलो तेव्हा त्यानं कोर्टातलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझा बाप त्या दिवशी खोटं बोलला असता तर मी जिंकलो असतो. मला त्याचा राग नाय." मी वाट बघत राहिलो. माझ्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याची बस होती, तो उठून गेला.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार नाही. ती आता थकली आहे आणि तिनं मला माफ केलं आहे असं मी धरून चालतो. पण एक गोष्ट मी तुम्हाला, तिला, कुणालाच सांगितली नाही, तुमच्या मित्रालाही नाही, तो सगळं सांगत असताना मी त्या दिवशी लांब होतो असं तोंड करून बसलो होतो. त्या सोमवारी रेकॉर्डिंग नव्हतं. मी पुण्याला गेलोच नव्हतो. सीबीएस बसस्थानकाजवळच्या त्या कोर्टाच्या आवारात मी अकरा वाजल्यापासून होतो, टायपिंगवाल्यांच्या ताडपत्रीमागे. तुम्ही बाहेर आलात. एकटेच होतात. पायरीवर उभं राहून तुम्ही सगळीकडे बघितलंत, सावकाश, कुणालातरी शोधत असल्यासारखं, आणि तुमची नजर माझ्या बाजूला यायला लागली तेव्हा मी खाली बसलो.