उभ्यानं केलेली पाटीलकी

बाबा, परवापासून तुझा राग येतो आहे, आणि तो काढायला दुसरं कोणी सापडत नाही म्हणून लिहायला बसले. गावानं तुझी पाटीलकी माझ्या गळ्यात घालायचं ठरवलं आहे. पोलीस पाटील, मी! तू गेल्यापासून ती जागा रिकामीच होती. तुझं काय झालं ते पाहिल्यावर तिला कोण हात लावणार? आता म्हणे, अंगणवाडीतली लेकरं सांभाळते तर गावही सांभाळेल. आपल्याकडे हात वर करून मोजत नाहीत, एक जण जरी नाही म्हणाला तरी पुन्हा सगळ्यांनी बसायचं. त्या दिवशी कोणीच नाही म्हणालं नाही. माझं ‘नाही’ मी तोंडातच ठेवलं, कारण समोर सगळी ओळखीची तोंडं होती आणि सगळी थकलेली होती.

तू पाटीलकी उभ्यानं केलीस. ठाण्यातून बोलावणं आलं की तू एकटा कधी गेला नाहीस. अख्खं गाव घेऊन जायचास, बायका, लेकरं, शेजारची आत्यासुद्धा. साहेब वैतागायचे, "पाटलाला बोलावलं, ही वरात कशाला आणली?" तू हसून म्हणायचास, "सायेब, मले एकट्याले काई समजत नाई. गावाले समजते." त्यांनी खुर्ची पुढे केली तरी तू उभाच. आणि आतले, म्हणजे जंगलातले बंदूकवाले, गावात आले की तेव्हाही तसंच. त्यांनी अंथरलेल्या प्लास्टिकच्या झिल्लीवर बसायचं नाही, गाव पाठीशी घेऊन उभ्याउभ्या बोलायचं. आई चिडायची, "दिवसभर बगळ्यावानी काऊन उभा राह्यतो गा हा मानूस!" तू म्हणायचास, "बसला तो त्याईचा झाला. उभ्या मानसाले कोनी आपला मनत नाई, आन् दुसऱ्याचाही मनत नाई."

मी लहान असताना एकदा ठाण्यातल्या खुर्चीवर चढून बसले होते, हातात साहेबांनी दिलेला बिस्किटाचा पुडा. तू असा दंड धरून खाली ओढलंस की अजून आठवलं तरी दुखतं. "ऊठ! घरी पाट नाई का तुले?" खरं तर नव्हताच. घरात पाट एकच, तो तुझा, चुलीजवळचा. संध्याकाळी त्यावर टेकलास की "आता बसलो बापा" म्हणून एवढा मोठा श्वास सोडायचास, आणि आई तुझ्यापुढे भात वाढायची. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चुलीजवळ माझ्यासाठी दुसरा पाट होता, बिजाच्या लाकडाचा, एक कड जरा वाकडी. तू तो नुसता पायानं माझ्याकडे सरकवलास.

मग ते तेंदूपत्त्याचे दिवस आले. सगळं गाव पहाटेच पानं तोडायला जंगलात, आणि नेमकं तेव्हाच बोलावणं. लोकांची मजुरी कशाला बुडवायची म्हणून तू एकटाच गेलास, अंगात हिवताप घेऊन. साहेब भला माणूस होता. तुझे पाय लटपटताना पाहून त्यानं खुर्ची ओढली, चहा मागवला. तू बसलास. एवढंच! कोणीतरी खिडकीतून पाहिलं. पुढच्या बाजारात मी पिशवी धरून तुझ्या बाजूला उभी, तू वांगी निवडतो आहेस, आणि आतल्यांपैकी एक जण साध्या कपड्यात येऊन तुझ्याबरोबर वांगी निवडायला लागतो. मान वर न करता म्हणतो, "पाटीलभाऊ, चहा गोड होता का?" तू वांगी तशीच टोपलीत टाकलीस.

घरी आलास आणि पाटीलकी सोडलीस. सोडली तर ठाण्याला वाटलं, याला आतल्यांनी फोडलं. का सोडली, कोण आलं होतं, नाव सांग. सांगितलं तर आतले सोडणार नाहीत, नाही सांगितलं तर ठाणं सोडणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. नवे साहेब आले, त्यांनी रोजची हजेरी लावली. भरपावसात, हिवताप उलटलेला असताना तू नाला ओलांडून जायचास. मग नाल्याला पूर आला तेव्हा दवाखाना पलीकडे आणि तू अलीकडे राहिलास. तुला गोळी कोणी मारली नाही, बाबा. कोणाच्या नावानं बोटं मोडून रडावं, एवढंसुद्धा आम्हाला मिळालं नाही.

गावाला पाटील नसला की काय होतं ते तू पाहिलं नाहीस. साध्या दाखल्यासाठी शेजारगावच्या पाटलाच्या दारात ताटकळायचं. तेंदूपत्त्याचा ठेकेदार सांगेल तो भाव, कारण तक्रार घेऊन जाणार कोण? भांडण झालं तर ज्याची बंदूक जवळ, त्याचा न्याय. मूल शहरातून किराणा आणणाऱ्यानं येणं बंद केलं, म्हणाला, तुमच्या गावात उद्या काय होईल ते तुम्हालाच ठाऊक नाही, मी माल कोणाच्या भरवशावर टाकू? चूक नव्हतं त्याचं. तरणी माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, अजूनही जातात. आता आतले फारसे उरले नाहीत. डांबरी रस्ता आला, टॉवर आला. त्या रस्त्यानं खाणीचे ट्रक दिवसभर धावतात, आणि पावसात लाल चिखल आपल्या धानात उतरतो. ट्रक अडवू, असं गाव म्हणतं. सगळ्यात मोठ्यानं म्हणते ती आत्या, आता काठी टेकत चालते, पण जीभ तीच.

परवा ठाण्यात गेलो, अख्खं गाव, तुझ्यासारखंच. साहेब माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, बोलायला गोड. "ताई, आत या." गाव बाहेर, मी आत. खुर्ची कोणी आणली असेल? केस पिकलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला एक माणूस. आतून शरण आलेला, आता ठाण्यातच कामाला. चेहरा मी विसरले होते. पण तो म्हणाला, "बसा बाई, आता कोनाचा भेव हाय?" आणि माझ्या हातात बाजाराची पिशवी असल्यासारखी मूठ वळली. आवाज तोच, वांगी निवडणारा.

साहेब म्हणाला, "अवघड काही नाही, ताई. दाखले द्या, तंटे मिटवा. आणि ट्रक अडवायचं गावात कोण कोण बोलतं, तेवढं अधूनमधून कळवत जा." कोण कोण! खिडकीबाहेर आत्या काठीवर हनुवटी टेकून उभी होती. हो म्हणावं तर तिचं नाव पहिलं द्यावं लागेल. नाही म्हणावं, तर का नाही, कोणाला घाबरता, कोणी सांगितलं, हे सगळं मला पाठ आहे. आणि जागा पुन्हा रिकामी राहील ती राहीलच. सोमवारपर्यंत सांगते म्हणाले. सोमवारी काय सांगू, ते तू सांग ना! एवढं शहाणपण शिकवलंस, आणि या खोलीला दुसरं दार कुठे आहे तेवढंच सांगायचं राहिलं.

परतताना आत्यानं विचारलं, "काय मने सायेब?" मी म्हटलं, "दाखले देजा मने." ती म्हणाली, "मंग घे ना वो पाटीलकी. तुह्या बापावानी कर." सगळे हसले, बरं वाटलं त्यांना.

हा कागद पेजेखाली चुलीत जाईल. कोणाच्या हाती लागला तर, म्हणून यात एकाचंही नाव लिहिलेलं नाही, तुझंही नाही. पण जाळायच्या आधी तुला एक सांगायचं आहे, गावाला सांगितलेलं नाही. मी उभी राहिले नाही, बाबा. ऊन होतं, चालून गुडघे दुखत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला बसा म्हटलं होतं. मी बसले. त्यानंच चहा आणून दिला. गोड होता. आणि तो संपेपर्यंत मी खिडकीकडे पाहिलं नाही.