चटईवरची बदली

४ जानेवारी

एकदाचा संसार हलवला. ट्रकवाल्याने कपाटाचा पाय मोडला, पण घर पाहिलं आणि राग कुठल्या कुठे पळाला. दुसरा मजला, दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन थेट ओट्यावर. राहणार आम्ही दोघीच, मी आणि माझी नऊ वर्षांची लेक. तिचं खरं नाव शाळेपुरतं. घरात ती खारू, कारण एका जागी बसणं तिच्या रक्तातच नाही. आल्या आल्या तिने जिन्याच्या कठड्यावरून घसरून दाखवलं. तिचे बाबा बोटीवर आहेत, ते उन्हाळ्यात येतील.

उद्यापासून माझी नोकरी. कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात प्लास्टरच्या जबड्यांवर मेणात दात बसवायचे. आमचे मालक म्हणतात, गप्प बसणारी तोंडं फक्त आपल्याच धंद्यात मिळतात.

८ जानेवारी

व्यायामाच्या वर्गात नाव घातलं. ऑपरेशनला चार महिने झाले, डॉक्टरांनी रोज थोडा व्यायाम बजावून सांगितलाय. वर्ग घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. खाली यंत्र सुरू झालं की तळपायाला गुदगुल्या होतात.

शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. सत्तरीच्या असतील, पण पाठ अशी ताठ की बघून मीच पोक काढणं सोडलं. प्रत्येकाची चटई ठरलेली, भिंतीपासून ओळीने. बाईंचा नियम एकच. चटई रिकामी राहता कामा नये. कुणाला यायला जमलं नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं. त्याने नुसतं चटईवर बसायचं, बाकी काही नाही. शिस्तीची माणसं अशीच विक्षिप्त असतात, असं मी घरी येऊन खारूला सांगितलं.

१७ जानेवारी

माझ्या अंगातल्या ताकदीचा काही नेम नाही. सोमवारी इतका उत्साह की वर्गाहून आल्यावर पडदे धुतले. मंगळवारी दोन उठाबशांत डोळ्यांपुढे अंधारी. कालचा दिवस बरा गेला, आज पुन्हा पाय शिशाचे. लवकर झोपून पाहिलं, नाश्ता वाढवून पाहिला, जड दिवशी हलका व्यायाम करून पाहिला. डॉक्टर म्हणाले की चढउतार व्हायचेच, अंग काय सांगतंय ते ऐकायचं. माझं अंग एका दिवशी एक सांगतं आणि दुसऱ्या दिवशी शब्द फिरवतं.

शेजारच्या चटईवर घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा असतात. त्यांना बघून मला माझीच लाज वाटते. धाप न लागता दोरीवरच्या उड्या मारतात.

२३ जानेवारी

काल अंथरुणातून उठवेना, म्हणून खारूला चटईवर बसायला पाठवलं. दोन गल्ल्यांचं तर अंतर, आणि तिला कोण आनंद. आल्यावर सांगत होती की बाईंनी डोळे मिटायला लावले आणि ज्याच्या जागी बसलीस त्याचं भलं चिंत म्हणाल्या. तिने चिंतलं, आईला खूप ताकद येऊ दे.

आज मी वर्गात सगळ्यांच्या पुढे होते. कारखान्यातून चालत आले, जिना धावत चढले. खारू मात्र कंटाळलेली दिसली. गृहपाठ करता करता टेबलावरच झोपली.

१ फेब्रुवारी

मधे दोन-तीन दिवस मी पुन्हा ढेपाळले होते. खारूनेच हट्ट धरला आणि परवा परत जाऊन बसली. आणि काल-आज, काय सांगू, अंगात वारं भरल्यासारखं झालंय. तीन जबडे जास्तीचे उरकले.

दुपारी शाळेतून फोन आला. खारू मधल्या सुट्टीत बाकावर आडवी पडली आणि उठेना. डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, रक्त चांगलं, छाती स्वच्छ. वाढीचं वय, म्हणाले. कठड्यावरून घसरणारी माझी पोर आज एक मजला चढताना तीनदा बसली.

३ फेब्रुवारी

बंद पडलेलं घड्याळ घेऊन आजोबांच्या दुकानात गेले. मागेच त्यांची खोली आहे. पडदा सरकलेला होता. पलंगावर त्यांची बायको होती. आधी मला नुसती चादरच वाटली. नंतर चादरीने डोळे उघडले.

आजोबा शिलाईचं लोखंडी मशीन एका हाताने उचलून बाजूला ठेवत म्हणाले, ही फार प्रेमाने बसते हो माझ्यासाठी.

मी तशीच बाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. त्यांनीही काही लपवलं नाही. त्या काय सांगतील याची मला भीती वाटत होती, आणि त्या मला बाजारभाव सांगावा तशा सांगत होत्या. ताकद काय हवेतून येते का, म्हणाल्या. जो बसतो त्याची जाते, ज्याच्यासाठी बसतो त्याला मिळते. आणि घेणारा जितका हलेल तितकी आणखी ओढली जाते. घरातलं घरातच राहतं, वाया काही जात नाही, असं म्हणून त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढून पाहिला आणि छान म्हणाल्या.

४ फेब्रुवारी

रजा टाकली. हलायचं नाही असं ठरवून खुर्चीत बसले. पण अंग ऐकत नाही. टाचा आपणहून ठेका धरतात. मी उठून खारूसाठी पाणी आणलं, तेवढ्यात तिचे ओठ पांढरे पडले. ते पाणी मी कुणाच्या पायांनी आणलं?

मला खूप भीती वाटतेय. इतकी भीती वाटत असताना मला इतकं ताजंतवानं वाटतंय, ते सगळ्यात भयंकर आहे.

तिला घेऊन पळून जावं म्हटलं. पळणार कशाच्या जोरावर?

५ फेब्रुवारी

सकाळी मी जाऊन चटईवर बसले. खारूसाठी. डोळे मिटले आणि जन्मात मागितलं नाही असं मागितलं. बाई हसल्या. आया शेवटी परत करायला येतातच, म्हणाल्या.

परतताना कठडा धरून जिना चढले. खारू दारात उभी होती. भूक लागली म्हणाली. मी रडले.

७ फेब्रुवारी

आजही बसले. सगळं परत जायला हवं, कणही मागे नको.

खारू पलंगावर उड्या मारतेय. मारू दे. प्रत्येक उडी माझ्या बरगड्यांत जाणवते, पण मारू दे.

पेन जड झालंय.

९ फेब्रुवारी

उठवत नाही. खारूने भात केला, भरवला. मोठ्या बाईसारखी तोंड पुसते.

चटई आज रिकामी. बाई येऊन गेल्या. माझ्याशी नाही बोलल्या. स्वयंपाकघरात खारूशी— बराच वेळ—

१० फेब्रुवारी

खारू म्हणाली, आई, उद्या मी बसते तुझ्यासाठी.

नको म्हणाले. ओठ हलले. आवाज— कळलं नाही तिला. तिने मला थोपटलं.

शाळेत जा. बाबांना फोन कर. कुठेही जा. फक्त तिथे—

दाराची किल्ली उशीखाली ठेवलीय. मुठीत धरवत नाही.

११ फेब्रुवारी

घर शांत. उशीखाली किल्ली नाही. दारात तिच्या चपला नाहीत.

हात थरथरत नाही. अक्षर नीट येतंय. किती नीट.

बसली ती.

धावत गेले तर पोचेन. पण धावायचं ते तिच्याच— जिन्याची एकेक पायरी तिच्यातून—

नाही गेले तर बसूनच राहील. बाई उठ म्हणेपर्यंत उठायची नाही. माझ्यासाठी बसलीय ना—

पडून राहा. हलू नकोस. लिहू पण—

गुडघा वर आला. मी उचलला नाही. दुसराही. पाय जमिनीवर, टाचा ठेका— खारू, उठ तिथून, बाळा, उठ, मला थांबवता येत—