हलक्या बटणांचं मशीन

सर, माझ्या टेबलावर आता एक कॉम्प्युटर आहे, जेवणाच्या डब्याएवढा. नातीनं पुण्याहून आणून दिला. पडदा वेगळा, बटणांची पट्टी वेगळी, आणि सगळं डोकं त्या डब्यात. आणून दोन वर्षं झाली नाहीत तर ती म्हणते, आजी, हा आता जुना झाला, याच्या पुढचा येणार आहे. तो अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण जगभरातली माणसं त्याच्याबद्दल अंदाज बांधत बसली आहेत. आणखी लहान असेल, कमी तापेल, जुन्याची ही खोड काढतील आणि ती तशीच ठेवतील. काल सकाळी मी मेथी निवडत होते आणि ती हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवत होती. मध्येच तिनं विचारलं, तुला काय हवं गं नव्यात? मी म्हटलं, हलकी बटणं. ती हसली. म्हणाली, आणखी किती हलकी, नुसतं बोट टेकलं तरी उमटतंय की. मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले. ते मागणं माझं नव्हतं, तुमचं होतं, हे तिला कुठून सांगायला सुरुवात करू?

तुमचा टायपिंगचा क्लास हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीवरच्या माडीत होता. पाच थोराड मशीनं आणि एक छोटं, पेटीत बसणारं, ज्याला तुम्ही कुणाला हात लावू द्यायचे नाही. खाली गिरणी सुरू झाली की माडी थरथरायची आणि आमची बोटं तिच्या तालावर पळायला लागायची. तुम्ही म्हणायचे, गिरणीच्या मागं धावू नका, ती अजून एकबी परीक्षा पास झालेली न्हाई. प्रत्येक मशीनच्या बटणांवर तुम्ही पुठ्ठ्याचं छप्पर बसवलं होतं, खाली हात जातील एवढीच फट ठेवून. पहिल्याच महिन्यात मी ते छप्पर उचलून 'क्ष' शोधत होते आणि तुमची लाकडी पट्टी माझ्या मशीनच्या पत्र्यावर आपटली. सगळा क्लास थांबला. "डोळ्याचं काम कागदावर," तुम्ही म्हणालात. "बटनं बोटाला ठाऊक पायजेत. खाली बघायचं असंल तर घरी जाऊन चूल बघ." मी रडले. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनला कोरी रिबीन लावलेली होती आणि तुम्ही तिकडे बघतच नव्हते. माफी मागायची तुमची रीत तीच होती.

तुमच्याकडे मी आले तीही तुमच्यामुळेच. माझे बाबा रेल्वेत गँगमन, आम्ही रुळापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहणारे. मी मॅट्रिक झाल्याचं तुम्हाला कुठून कळलं ते मला कधीच समजलं नाही, पण एका दुपारी तुम्ही सायकल भिंतीला टेकवून आमच्या दारात उभे. लेकरू हुशार हाय, मह्याकडं धाडा, एवढंच बाबांना म्हणालात. मायनं भीत भीत चहा केला. तोवर आमच्याकडे वरच्या आळीतलं कुणी आलं तर पाणीसुद्धा नको म्हणायचं, आत्ताच पिऊन आलो म्हणायचं. तुम्ही बाहेर अंगणात, सगळ्यांच्या देखत, आमच्या कपातून चहा प्यालात आणि आणखी अर्धा मागितला. माय तो अर्धा कप महिनाभर वस्तीत सांगत होती. मला आजही वाटतं, तुम्हाला तो नको होता, तुम्ही मायसाठी मागितला.

दर तीन महिन्यांनी नांदेडहून मेकॅनिक यायचे. मशीनं दुरुस्त करायला म्हणून यायचे, पण खरं काम दुरुस्ती झाल्यावर सुरू व्हायचं. माडीच्या मागच्या बाजूला तुमची खोली, त्यात स्टोव्ह, दोन पातेली, एक खाट. एकटेच राहायचे तुम्ही. मेकॅनिक खाटेवर, तुम्ही स्टोव्हपाशी, आणि आम्ही दोघी-तिघी मुली क्लास संपला तरी उंबऱ्यात रेंगाळत. विषय एकच, छोट्या मशीनचं पुढचं रूप कसं असेल. कंपनीनं त्या मशीनचे आजवर तीन नमुने काढले होते आणि चौथा येणार अशी मेकॅनिकची खबर असायची, जी दर वेळी तीन महिन्यांनी पुढे ढकलली जायची. मेकॅनिक म्हणायचे, आता विजेवर चालणारं येणार. तुम्ही म्हणायचे, हिंगोलीत दिवसातून चार वेळा लाईट जाती, मग टायपिंग काय घासलेटवर करावं का? मग तुम्ही तुमची वही काढायचे. शेवटच्या पानावर मथळा होता, पुढचं मशीन. चुकलेलं अक्षर परत घेता यावं. ओळ कागदावर उमटायच्या आधी दिसावी. वेलांटी मागाहून लावता यावी. मेकॅनिक पोट धरून हसायचे, म्हणायचे, सर, असं मशीन निघालं तर तुमचा क्लास कोन लावील? तुम्हीही हसायचे. पण सगळ्यात वर, खाली तीन रेघा मारून लिहिलेलं होतं, हलकी बटणं. मी एकदा विचारलं, हे काहून सर? तुम्ही म्हणालात, तुमच्यासारख्या पोरीबाळीच्या बोटाला तकलीफ नको म्हणून. मला इतकं बरं वाटलं होतं.

मग तो दिवस. परीक्षेला दीड महिना उरला होता. मेकॅनिक आलेत, स्टोव्हवर चहा उकळतोय, आणि तुम्ही रंगात येऊन सांगताय की चौथ्या नमुन्याची बटणं अशी असतील, फुंकर घातली तरी अक्षर उमटेल. बोलता बोलता तुमचा डावा हात पातेल्याला टेकलाय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही तापलेल्या पितळेला चिकटून. तुम्ही हात काढत नाही. तुम्ही बोलतच राहता, आणि मला जळका वास येतो. मी म्हणते, सर, हात. तुम्ही माझ्याकडे बघता, मग हाताकडे, जसा तो दुसऱ्याच कुणाचा आहे. झटकन मागे घेता आणि म्हणता, काही न्हाई, काही न्हाई. मेकॅनिकनी उठून स्टोव्ह बंद केला. मला तेव्हा आठवलं की गेले काही महिने आम्हाला खाली बघू नका म्हणणारे तुम्ही स्वतः टाईप करताना खाली बघत होता. बटणं तुमच्या बोटांना ठाऊकच होती, सर. बोटांना ती लागत नव्हती.

मी घरी जाऊन मायला सांगितलं. वाईट मनात नव्हतं, काळजीच होती. माय भाकरी थापत होती, ती थांबली. तिच्या माहेरच्या एका माणसाचं असंच झालं होतं. "महारोग हाय तो," ती म्हणाली. "उद्यापासून जायचं न्हाई." मी परीक्षेचं म्हटलं, फीचं म्हटलं, नोकरीचं म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "लगीन व्हायचं हाय तुझं." आणि मी गेले नाही. आज म्हणावंसं वाटतं की मायनं अडवलं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, जायचं नाही हे कळून, माझ्या जिवाला हायसं वाटलं होतं.

सात-आठ दिवसांनी तुमची सायकल पुन्हा आमच्या भिंतीला. मागच्या कॅरिअरला छोट्या मशीनची पेटी सुतळीनं बांधलेली. त्या काळात परीक्षेला आपलं मशीन आपणच न्यावं लागायचं, परभणीच्या केंद्रापर्यंत, आणि मोठं धूड घेऊन एसटीत चढणं माझ्याच्यानं झालं नसतं. तुम्ही का आली नाहीस असं विचारलं नाही. मशीन ओट्यावर ठेवलं आणि म्हणालात, घरीच सराव कर, परीक्षेलाबी हेच घेऊन जा. मायनं चहा केला. या वेळी तो कपात नव्हता, कोपऱ्यात पडलेल्या कान तुटलेल्या पेल्यात होता. तुम्ही त्या पेल्याकडे एकदा पाहिलं. मग चहा प्यालात, उठून रांजणाजवळच्या दगडावर तो स्वतःच्या हातानं विसळलात आणि आमच्या भांड्यांपासून लांब, भिंतीच्या कडेला उपडा घातलात. हे कसं करायचं ते तुम्हाला कुणी शिकवलं होतं, सर? आम्हाला तर पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं. आम्हाला ठाऊक होतं वेगळा पेला म्हणजे काय. आणि तरी आमच्याच घरानं, ज्या घरात तुम्ही अर्धा कप मागून प्यालात त्याच घरानं, तुमच्यासाठी तो काढला. मी दारात उभी राहून बघत होते. मी मायच्या हातून पेला घेऊन कप देऊ शकले असते.

तुम्ही गेलात. मी चिंधी घेतली, घासलेटात बुडवली आणि बटणं पुसायला बसले. एकेक बटण, कडेनं, वरून, पुन्हा वरून. अर्ध्यावर आले होते तेवढ्यात सावली पडली. तुम्ही रिबिनीची डबी द्यायची विसरला होतात म्हणून परत आला होता. माझ्या हातात ती चिंधी, घासलेटाचा वास अंगणभर. टायपिंगवाल्याला ठाऊक असतं की घासलेटानं अक्षरांचे खिळे पुसतात, शाई बसते म्हणून. बटणं कुणी पुसत नाही. तुम्ही चिंधीकडे पाहिलं, मग डबी ओट्याच्या कडेला ठेवली.

"बराबर हाय पोरी," तुम्ही म्हणालात. "मशीन साफच पायजे. फकस्त तेल रबराच्या रुळाला लागू देऊ नको."

मी म्हटलं, व्हय सर. तुम्ही सायकल वळवली आणि रूळ ओलांडून गेलात, सायकल हातात धरून, कारण चढाला तुमची पकड टिकत नव्हती. तेही मी पाहिलं.

मी पास झाले. पेपरात एकही बटण मी खाली बघून दाबलं नाही. वर्षाच्या आत आरोग्य खात्यात टायपिस्ट म्हणून लागले. रुजू होऊन तीनेक महिने झाले असतील, साहेबांनी एक पत्रक स्टेन्सिलवर टाईप करायला दिलं, गावोगाव वाटायचं होतं. कुष्ठरोगाविषयी होतं. बोटं सुन्न होतात, भाजलेलं कळत नाही. रोगाचे बरेचसे प्रकार दुसऱ्याला लागतच नाहीत. हात लावल्यानं, वस्तू वापरल्यानं घाबरून जाऊ नये, गोळ्या नेमानं घेतल्या की माणूस बरा होतो. मी ते डोळे कागदावर ठेवून, तुम्ही शिकवलं तसं टाईप केलं आणि शेवटच्या ओळीला माझे हात थांबले. त्या रविवारी तुमच्याकडे जायचं ठरवलं. मग म्हटलं, काय तोंडानं जाऊ, जरा दिवस जाऊ द्यावेत. मग म्हटलं, दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर मेकॅनिक आमच्या ऑफिसात मशीनं तपासायला आले. मी क्लासचं विचारलं. क्लास तर कधीच बंद पडला होता, पोरं यायची थांबली होती. तुम्ही काही दिवस माडीतच काढलेत, एकटे. पायाला जखम झाली, तुम्हाला कळली नाही, ती चिघळली. मेकॅनिक मशीनच्या रुळावरची धूळ फुंकत म्हणाले, "दसऱ्याच्या आधीच गेले बाई. मी गेलो की तुमचंच इचारायचे. म्हनायचे, मह्या सगळ्या लेकरात मशीन साफ ठिवावं तर त्या पोरीनं." ते सहज सांगत होते, त्यांना काय ठाऊक. मी हो म्हटलं आणि फाईल उचलून मागच्या खोलीत गेले.

तुमचं छोटं मशीन अजून माझ्याकडे आहे. ते परत करायला कुणी उरलंच नाही. तुम्ही मागितलेलं सगळं आता निघालंय, सर. चुकलेलं अक्षर परत घेता येतं, ओळ आधी दिसते, वेलांटी कधीही लावता येते. बटणं इतकी हलकी आहेत की तुमच्या त्या दोन बोटांनीसुद्धा अक्षरं उमटली असती. हे पत्र मी त्यांच्यावरच लिहिलं आणि पाठवायला पत्ता नाही. नातीनं विचारलं, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, हात बसावा म्हणून सराव करतेय. तुमच्यासमोर 'व्हय सर' म्हणून खोटं बोलले तसंच तिच्याशीही बोलले.

एक मात्र राहिलं. तुम्ही 'बराबर हाय' म्हणून मला सांभाळून घेतलंत, सायकल वळवून निघून गेलात, आणि मी दारात उभी राहून तुम्ही रुळापलीकडे दिसेनासे होईपर्यंत बघत होते. मग आत आले आणि राहिलेली बटणं पुसून काढली.