‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मधला चौकोन

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
‘मनोबल’ औषध वितरण कक्ष, जालना.

विषय: ‘गुण आला का?’ या साप्ताहिक नमुन्यात तिसरा चौकोन मिळणेबाबत. तसेच तो मिळेपर्यंत तीस गोळ्या मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कक्षाचे चार शेरे (तपशील खाली).

महोदय,

१. अर्जदार तृप्ती धुळाजी शिंगाडे ही बी.एस्सी. नर्सिंग असून ‘मनोबल’च्या फिरत्या पथकात परिचारिका आहे. पथक दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी हसनाबादला बसते. तेथील रुग्ण गोजरबाई, वय ५४, यांना एसटीत पाय ठेवताच छातीत धडधड, हातापायांना मुंग्या आणि आता आपण मरणार अशी खात्री वाटत असे. तीन वेळा काढलेला हृदयाचा आलेख तिन्ही वेळा उत्तम निघाला. यामुळे लग्न होऊन अंबडला गेलेल्या लेकीचे, वर्षाराणीचे, घर त्यांनी अद्याप पाहिलेले नाही. लेकीला आता नववा महिना लागला आहे. (नाव लिहिण्यास त्यांची संमती आहे. “लिवा की. सगळ्या बसला म्हायती झालंय, सायबालाच कशाला लपवायचं?” असे त्यांचे म्हणणे.)

२. पथकाच्या डॉक्टरांनी ‘भीतीचे झटके’ (पॅनिक) असे निदान करून एस्सिटालोप्राम ही गोळी रोज एक याप्रमाणे लिहून दिली. आपल्या कक्षाच्या नियमानुसार सात गोळ्या मिळाल्या. आठव्या दिवशी अर्जदाराने गोळ्या मोजल्या, तर पाच शिल्लक. चौकशी करता गोजरबाईंनी गोळ्या पदराच्या गाठीत ठेवून, गाडी दिसली की एक, अशा रीतीने घेतल्याचे आढळले. “बाकी दिवशी गाडीच न्हाई आल्ती, मंग गोळी कशाला वाया घालवू?” शेजारी उभ्या त्यांच्या जाऊबाई चांगुणाबाई म्हणाल्या, “दोन खाल्ल्या, धडधड तशीच. या गोळ्या हायेत का लेमनच्या?” अर्जदाराने नमुन्यात प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण केली. आपला शेरा आला: ‘औषध निरुपयोगी. पुरवठा बंद.’

३. येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते की ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. रोज घेतल्यावर तिला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. सुरुवातीला मळमळ व अस्वस्थता उलट वाढूही शकते. अर्जदाराने शेजारच्या पथकाकडून अठ्ठावीस गोळ्या उसन्या आणल्या आणि रोज सकाळच्या चहाशी गोळीची जोडी लावून दिली. तिसऱ्या आठवड्यात गोजरबाईंना सलग झोप लागू लागली. अर्जदाराने आनंदाने ‘होय’वर खूण केली. शेरा: ‘रुग्ण बरा झाला. अभिनंदन. पुरवठा बंद.’

४. चौथ्या आठवड्यात अर्जदाराने दोन्ही चौकोनांत खूण केली. शेरा: ‘परस्परविरोधी. त्यापेक्षा लवकर गुण येणारे औषध द्यावे.’ असे औषध आहे, ते त्याच दिवशी शांत करते, आणि नमुना त्यालाच शोभतो. परंतु त्याने गुंगी येते व सवय लागते, म्हणून डॉक्टर ते मोजके दिवसच देतात. या रुग्णास त्यांनी ते दिलेले नाही. हा नमुना मुळात ताप-जुलाबासाठी केलेला असावा, असा अर्जदाराचा अंदाज आहे. जुलाब एक तर थांबतात किंवा थांबत नाहीत.

५. पाचव्या आठवड्यात गोजरबाई सरावासाठी स्टँडवर आल्या आणि गाडीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. कंडक्टर सर्जेराव म्हणाले, “काकू, चढा न्हाईतर उतरा, मधीच काय करून राह्यल्या?” गोजरबाई म्हणाल्या, “थांब रे बाबा, माझं चढणं चालू हाय.” त्या दोन मिनिटे पायरीवर होत्या. अर्जदाराने नाडी मोजली: आधी १२४, नंतर ९६. मग त्या आत गेल्या आणि पुढच्या फाट्यापर्यंत बसून राहिल्या. महोदय, पायरीवरची बाई चढलेली नसते आणि खाली राहिलेलीही नसते. ती कुठल्या चौकोनात लिहावी, हे न कळल्याने अर्जदाराने पट्टीने मधोमध तिसरा चौकोन आखून त्यात खूण केली. शेरा: ‘शासकीय नमुन्यात खाडाखोड. नमुना परत.’

६. उसन्या गोळ्यांपैकी आज तीनच उरल्या आहेत. ही गोळी एकाएकी बंद झाल्यास चक्कर, चिडचिड व जुनी धडधड परतण्याचा संभव आहे, आणि बाळंतपण तोंडावर आहे. म्हणून विनंती की,
(अ) नमुन्यात ‘फरक पडू लागला आहे, औषध चालू ठेवावे’ असा चौकोन छापावा. जागा आहे, अर्जदाराने मोजली आहे, दीड सेंटिमीटर.
(आ) तो छापून होण्याची वाट न पाहता तीस गोळ्या आजच, हा अर्ज आणणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्याव्यात.

७. अर्ज आणणारी व्यक्ती हसनाबादहून जालन्यापर्यंत एसटीने, एकटी, खिडकीशेजारी बसून येत आहे. आपल्यासमोर पोहोचली असल्यास ‘गुण आला का?’ हे तिलाच विचारावे. पोहोचली नसल्यास हा अर्जही आपल्याला मिळालेला नसेल, त्यामुळे ती बाजू लिहिलेली नाही. तिला अंबडची सव्वा बाराची गाडी गाठायची आहे.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
तृप्ती धु. शिंगाडे
परिचारिका, ‘मनोबल’ फिरते पथक
हसनाबाद, दि. ११ मार्च २०२५

सोबत:
१. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
२. परत आलेला नमुना, तिसऱ्या चौकोनासह.
३. रोजच्या गोळीचा तक्ता (चहाचे डाग रुग्णाचे आहेत, खाडाखोड नव्हे).
४. गोजरबाई, स्वतः. मूळ प्रत. पाहून लगेच परत करावी.