मिठाच्या पाण्याचा धडा

४ सप्टेंबर, दुपार
आणि वर म्हणे टेबल त्याचं. बळवंतला मी आधीच सांगितलं होतं, जेवायचं तर खाटेवर बसून जेव, टेबल अभ्यासाला लागतं. खोलीचं भाडं दोघं भरतो, पण डॉक्टर दोघांपैकी एकच होणार आहे. तर म्हणतो, दहावी नापासाला डॉक्टर करणारं कॉलेज दाखव, मग तुझा तंदूर मी रोज घासतो. इथे हॉलंडात एकाच हॉटेलात तो भाजी करतो आणि मी नान लावतो, एवढ्यावरून तो मला बरोबरीचा समजतो.
साइटवर स्पष्ट लिहिलंय. मेडिकलला अर्ज करण्याआधी लागणारे सायन्सचे विषय, घरबसल्या ऑनलाइन. प्रवेशाला शिक्षणाची अट नाही. इंग्लिश आहे, पण मोबाइल मराठी करून देतो. पहिल्या मॉड्यूलची फी भरली. दुसरं जानेवारीत, सहाशे चाळीस युरो.
संकल्प: तीन ते पाच हॉटेल बंद असतं, तेव्हा अभ्यास. मोबाइल बंद ठेवायचा. कोर्स मोबाइलवरच आहे. बाकीचं बंद ठेवायचं.

९ सप्टेंबर
आईला सांगितलं. ती भुसावळला ज्या मेसमध्ये पोळ्या लाटते, तिथे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. विचारत होती, माणसं कापायला कधी देतात. म्हणालो, आधी केमिस्ट्री. पांढऱ्या कोटातला फोटो पाठव म्हणाली. किचनचा कोटही पांढराच असतो. हळदीचा डाग भिंतीकडे करून पाठवला.

२० सप्टेंबर
टेस्ट रद्द. अन्याय. परीक्षेत खोली रिकामी पाहिजे, कॅमेऱ्यातून एक बाई बघत असते. तिने विचारलं, मागे खाटेवर काय आहे. मी म्हणालो, उशा. तेवढ्यात उशीने कूस बदलली आणि पाय खाजवला.

२७ सप्टेंबर
बळवंतला लिडलच्या दुकानात सामानाला पिटाळून टेस्ट दिली. अडतीस टक्के. नापास लिहून आलंय, पण दहावीला सायन्समध्ये बावीस होते. या वेगाने उन्हाळ्यापर्यंत शंभराच्या पुढे.

८ ऑक्टोबर
पहिली पेशंट. आईच्या चपलेचा खिळा डाव्या तळव्यात घुसला आणि तिला पत्ताच नाही. संध्याकाळी फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. म्हणाली, दुखत मुळीच नाही. मी म्हणालो, दुखत नाही म्हणजे काही नाही. धाकटी दीपा मागून म्हणत होती, दवाखान्यात नेते. आई तिला म्हणाली, घरात डॉक्टर असताना तुझ्या त्या दवाखान्यात दोनशे रुपये कशाला.
ऐकून बरं वाटलं. दीपाला बारावीचा गर्व आहे.

१९ ऑक्टोबर
जखम भरत नाहीये. योगायोगाने आजच चौथा धडा वाचला. मिठाकडे पाणी ओढलं जातं. म्हणजे मिठाचं पाणी आतली घाण बाहेर ओढणार. आईला सांगितलं, रोज दोनदा कढत पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बस. हळद अजिबात नको, हे सायन्स आहे. किती कढत, विचारलं. सोसवेल तितकं, म्हणालो. तिला सगळंच सोसवतं.

२७ ऑक्टोबर
मृदुला मॅडम पार्सल न्यायला आल्या. वाखनिंगनच्या शेतकी विद्यापीठात पीएचडी करतात, रविवारी मावशीकडे इथे फोरबर्गला येतात. आमच्याशी नीट बोलणाऱ्या त्या एकट्याच. कौतुकाने केस सांगितली. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, लोकेश, शुगर तपासलीये का त्यांची? कढत पाणी आजच बंद करा, उद्या डॉक्टरकडे पाठवा. म्हणालो, बघतो.
बळवंतला सांगितलं, त्या झाडांच्या डॉक्टर आहेत, झाडांना पाय नसतात. तो हसला नाही.
तरी आईला विचारलं. म्हणाली, मला कुठली शुगर, मी चहासुद्धा गुळाचा पिते. विषय संपला.

६ नोव्हेंबर
इथल्या विद्यापीठाला मेल केला होता, उत्तर आलं. शाळा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट लागेल, शिवाय डच भाषेची परीक्षा. किरकोळ कागदपत्रं. डच मला येतंच, डांकयवेल म्हणजे थँक्यू आणि पिन ऑफ कॅश म्हणजे कार्ड की रोख.

१४ नोव्हेंबर
दीपाने फोटो पाठवला. तळव्याला फोड आलेत, करंगळी काळी पडलीये. मी म्हणालो, खपली धरतेय. ती म्हणाली, दादा, खपलीला वास येतो का रे? फोन ठेवून दिला. लहान-मोठं काही राहिलंच नाही.
नंतर आईचा आला. म्हणाली, तिच्याकडे लक्ष देऊ नको, तू अभ्यास कर. पाणी चालू आहे. एकदाही चुकवलं नाही.

२५ नोव्हेंबर
आईला थंडी वाजून ताप. सीझन बदलतोय. ताप म्हणजे शरीर लढतंय. हे कोर्समध्ये नाही, माझं मला सुचलं.
अभ्यास झाला नाही. हॉटेलात पार्टी होती.

२९ नोव्हेंबर
आई मेसमध्ये पोळपाटावरच कोसळली. दीपाने रिक्षात घालून नेलं. मला विचारलंसुद्धा नाही. शुगर पाचशेच्या वर. जळगावला पाठवलंय.

१ डिसेंबर
दीपाचा फोन. तिथले डॉक्टर म्हणाले, दीड महिना कुठे होतात? आईने सांगितलं म्हणे, ट्रीटमेंट चालू होती, मुलगा फॉरेनला डॉक्टर आहे. त्यांनी माझा नंबर मागितला. दीपाने दिला नाही. का नाही दिला, ते मी विचारलं नाही.

३ डिसेंबर
डावा पाय गुडघ्याखालून काढला.
सुट्टी मागितली. शेठ म्हणाले, नाताळनंतर. दोनशे नान लावले. एकही करपला नाही.

१२ डिसेंबर
बळवंतने टेबल पुसून माझ्यासाठी रिकामं करून ठेवलंय. स्वतः खाटेवर बसून जेवतो. मी म्हणालो, टेबलावर जेव. म्हणाला, नको, तू वाच.
त्यापेक्षा भांडला असता तर बरं होतं.

४ जानेवारी, दुपार
जानेवारीची सुट्टी आता फेब्रुवारीत.
कोर्सवाल्यांचा मेल, दुसरं मॉड्यूल सुरू, मज्जासंस्था. पहिलं पान फुकट असतं. उघडलं. दुखणं हा शरीराने पाठवलेला निरोप आहे. जखम असून निरोप येत नसेल तर जखम बरी आहे असं समजू नये, तार तुटली आहे असं समजावं. पुढचं वाचायला सहाशे चाळीस युरो फी भरावी लागते.
मराठी चुकलं असेल म्हणून इंग्लिश करून पाहिलं. मला इंग्लिश येत नाही. तरी कळलं.

५ जानेवारी
आई घरी आली. व्हिडिओ कॉल केला. तिने मोबाइल वरच धरला होता, चादर दिसू दिली नाही. मीच रडवेला झालो तर म्हणाली, वेड्या, तुझं औषध चुकलं नाही, माझंच मीठ कमी पडलं असेल. मग म्हणाली, उजवा आहे ना अजून. त्याला कुणाला हात लावू देणार नाही, तुझ्यासाठी ठेवलाय. तू लवकर हो.
मी हो म्हणालो.
दीपाला वेगळा फोन केला. म्हणालो, उजव्या पायाला काही झालं, साधी ठेच लागली, तरी मला सांगू नको, आधी दवाखाना. तिने नकली पायाचा खर्च सांगितला.
पाठवले. सहाशे चाळीस युरो.